एक जातं, तीन पत्ते

तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजने दोन खोल्यांचं छोटं संग्रहालय मांडायचं ठरवलं, तेव्हा वस्तूंशेजारची कार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं. गावातून सामान भरपूर जमलं होतं. पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, शेवयांचा पाट, दोन घंगाळं, तळ गेलेली कढई आणि एक जातं. जात्यासाठी मी लिहिलं: ‘जातं. काळा दगड. धान्य दळण्यासाठी. अंदाजे शंभर वर्षांपूर्वीचं.’ खाली देणाऱ्याचं नाव घातलं. चूक शोधूनही सापडली नसती.

खोल्या झाडायला येणाऱ्या मावशींनी ते कार्ड माझ्याकडून वाचून घेतलं.

“कुणाचं म्हणालात?”

मी देणाऱ्याचं नाव परत सांगितलं.

“त्यांचं कसं? त्यांनी कधी दळलंय?”

मी गप्प बसले. रजिस्टर उघडून बघितलं, तर त्रेचाळीस वस्तूंपैकी एकोणचाळीस पुरुषांच्या नावावर आल्या होत्या. वस्तू स्वयंपाकघरातली आणि सही घरच्या कर्त्याची. आम्ही कुणालाही ‘ही कोण वापरायची?’ असं विचारलं नव्हतं. फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी पुण्याकडे वळले. साध्या बायकांच्या रोजच्या जगण्याचा पुरावा महाराष्ट्रात जिथे सगळ्यात जास्त साठलाय अशी जागा सांगायची, तर मी पुण्याचंच नाव घेईन. अडचण इतकीच, की तो पुरावा एका छताखाली नाही.

पहिला पत्ता: वस्तू

बाजीराव रस्त्याजवळ, शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे काका केळकर (१८९६–१९९०), यांचा घरचा धंदा चष्म्यांचा आणि छंद कवितेचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे सत्तर वर्षं ते त्यातून बाहेर आलेच नाहीत. संग्रहालयाला नाव आहे त्यांच्या राजा या मुलाचं. तो सात वर्षांचा असताना गेला. १९६२ मध्ये संग्रहालय उभं राहिलं आणि १९७५ मध्ये काकांनी ते महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. वस्तू वीस हजारांहून जास्त. त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या, बाकीच्या आत ठेवलेल्या.

त्या काळी संग्रहालयात काय असायचं ते आठवलं की काकांच्या कामाचं मोल कळतं. मूर्ती, नाणी, ताम्रपट, तलवारी. राजांच्या आणि देवांच्या वस्तू. अशा वेळी हा माणूस गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, कुंकवाचे करंडे, फणेरपेट्या, पाळणे, झारे, किसण्या आणि विळ्या आणत होता. पत्नी कमलाबाई या खटाटोपात सोबत होत्या. घरोघरची तांब्या-पितळेची भांडी वजनावर मोडीत जात होती, त्या काळात ती वाचवणं हेच मोठं काम झालं. मी पुढे जे म्हणणार आहे ते या ऋणाची जाणीव ठेवूनच.

एकच वस्तू जवळून बघू. वज्री. पाय घासायचं साधन, तळहातात मावेल एवढं. खालची बाजू मुद्दाम खरखरीत, आडव्या-उभ्या खाचा पाडलेली. तीच टाचेवर घासायची. वरच्या बाजूला मात्र नुसती मूठ ठेवून कारागीर थांबलेला नाही. तिथे मोर आहे, हत्ती आहे, घोड्यावरचा स्वार आहे. काही वज्र्या आतून पोकळ आणि त्यात खडे, म्हणजे घासताना छुमछुम वाजणार. केळकर संग्रहालयाला जाऊन आलेला माणूस बाकी काही विसरला तरी वज्र्या विसरत नाही.

आता ही वज्री कुणाची? तिची कारागिरी बघता ती पितळेची वस्तू परवडणाऱ्या घरातली. न्हाणीघरात सवडीने पाय घासत बसायला वेळ असलेल्या बाईची, किंवा तिचे पाय घासून देणाऱ्या दुसऱ्या बाईची. टाचांना भेगा मात्र सगळ्यात जास्त पडायच्या त्या अनवाणी रानात जाणारीच्या. ती काय वापरायची? खापराचा तुकडा, फुटकी वीट, ओढ्याकाठचा खडबडीत दगड. घासून झालं की तिथेच ठेवायचा, पावसात वाहून गेला तर दुसरा घ्यायचा. तो दगड कुठल्याही संग्रहालयात येणार नाही. आला तरी दगडच दिसेल.

काकांची नजर कलावंताची होती. रोजच्या वस्तूवर माणसाने केलेली हौस त्यांना खेचून घ्यायची. त्यामुळे जे देखणं होतं ते वाचलं. जे नुसतं कामाचं होतं ते बहुतेक वाचलं नाही. हा दोष एकट्या काकांच्या माथी मारण्यात अर्थ नाही, सगळ्याच संग्रहांचं असं होतं. पण साध्या बाईचं जगणं दाखवायला बसलो की पहिली ठेच इथेच लागते.

दुसरी ठेच कापडाची. नऊवारी लुगडं जुनं झालं, की त्याचा बरा भाग बाळाच्या दुपट्यांना जायचा. उरलेलं गोधडीत. गोधडी विरली की तिचं पायपुसणं आणि शेवटी सारवायचं पोतेरं. मधल्या काळात बोहारीण दारात आली, तर दोन लुगडी देऊन एक पातेलं. साध्या घरातली वस्तू झिजून संपेपर्यंत वापरली जाते, मागे ठेवायला काही उरतच नाही. म्हणून आपल्याकडे काचेआड पैठणी आहे, शालू आहे, आणि वर्षाचे तीनशे साठ दिवस अंगावर असलेलं लुगडं नाही.

तिसरी गोष्ट वस्तू मांडण्याची. दिव्यांत दिवे, अडकित्त्यांत अडकित्ते, वाद्यांत वाद्यं, अशी प्रकारवार मांडणी बघायला सोपी आणि डोळ्यांना सुखाची. पण शंभर अडकित्ते एका ओळीत लावले की त्यांच्यामागची शंभर घरं पुसली जातात. बाई एकाच दिवसात जातं, चूल, पाळणा, विळी आणि वज्री या सगळ्यांपाशी बसून उठलेली असते. तिचा दिवस अशा मांडणीत तुकड्यातुकड्यांनी विखुरतो.

याच संग्रहालयात मस्तानी महाल आहे. कोथरूडच्या महालाचे उरलेसुरले भाग आणून काकांनी तो पुन्हा उभा केला. तिथे गेलं की लोकांची पावलं मंदावतात, कारण तिथे वस्तूंना एक नाव आहे, एक गोष्ट आहे, एक बाई आहे. मस्तानीला खोली मिळाली हे उत्तमच झालं. इतकी वर्षं तिच्या वाट्याला कुचाळक्याच जास्त आल्या होत्या. फक्त तिच्या महालासाठी दळण कोण दळायचं, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर डोक्यातून जात नाही.

दुसरा पत्ता: आवाज

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोन अभ्यासकांनी पुण्यात राहून एक वेगळाच संग्रह केला. मुळशी-मावळाच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की या बायका सभेत जे बोलत नाहीत ते जात्यावर बोलतात. मग जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात झाली. हे काम बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी एकट्याने केलं नाही, गावातल्या बायकाच ओव्या गोळा करत हिंडल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. पुढे १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकांनी त्यातल्या पुष्कळ ओव्या प्रत्यक्ष गाणाऱ्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या, सुमारे १२० तासांच्या. पॉइटव्हँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. या ठेव्यातल्या पुष्कळ ओव्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर आल्या आहेत.

या संग्रहाची माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ओवीला धनीण आहे. ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. अगदी तेच, जे आमच्या रजिस्टरात नव्हतं.

आणि ओव्यांमध्ये काय आहे? ‘पहिली माझी ओवी’ म्हणून देवाचं नाव घ्यायचं आणि मग हळूहळू मनातलं सांगायचं. भाऊ आहे, माहेरची वाट आहे, सासूचा जाच आहे, सीतेचा वनवास आहे, पंढरीची वारी आहे. दलित बायकांच्या ओव्यांत भीमराव आहेत, आणि ते पाठ्यपुस्तकातले नाहीत, घरातल्या कर्त्या लेकासारखे आहेत. जात्याला बायका ‘ईसवरा’ म्हणून हाक मारतात. पहाटे सगळं घर झोपलेलं असताना समोर एवढा एकच श्रोता, आणि तो कुणाला काही सांगणार नाही याची खात्री.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण जात्यापाशी उभं राहिलं की आपल्याला गहिवर फार लवकर येतो. ‘काय ते दिवस, काय ते आरोग्य, तेव्हा बायकांना जिमची गरज नव्हती.’ असं म्हणणाऱ्याला पाचच मिनिटं ज्वारी दळायला बसवावं. रोज पहाटे दोन-अडीच तास, बाळंतपणाचे थोडे दिवस सोडले तर वर्षभर, दंड भरून येईपर्यंत, आणि वर सासूचं ‘जाडं दळलंस’. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा डोक्यावर डबा घेऊन त्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना जात्याची आठवण येऊन रडू आलं नाही. त्या सुटल्या. मात्र जातं थांबलं तशी ओवी थांबली, कारण ओवी जात्याच्या घरघरीवर चालायची. कष्ट गेले ते बरं झालं आणि त्याबरोबर जे बोलणं गेलं ते वाईट झालं. कार्डावर या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी याव्या लागतील.

तिसरा पत्ता: कागद

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. मोडी लिपीतले कागद, रुमालात बांधलेले. भांडी मोडीत गेली आणि बायका मोडीत राहिल्या, असं मी गमतीने म्हणते. पण ते फारसं गमतीचं नाही.

या दफ्तरात कुणबिणींच्या नोंदी आहेत. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, बक्षीस दिलेली, किंवा शिंदळकीच्या, म्हणजे व्यभिचाराच्या, आरोपावरून सरकारात जमा झालेली बाई. कोठीत, पागेत, मुदपाकखान्यात, कारखान्यांत राबायची ती. वाड्यांमधलं दळण-कांडण मोठ्या प्रमाणावर याच बायकांच्या अंगावर असे. खरेदी-विक्रीच्या, नेमणुकीच्या, पळून गेलेल्या कुणबिणींच्या शोधाच्या नोंदी कारकुनांनी इमानेइतबारे लिहून ठेवल्या. त्यांना इतिहास लिहायचा नव्हता, हिशेब ठेवायचा होता. नाव असतं, किंमत असते, कुठून कुठे पाठवली ते असतं. तिच्या मनात काय होतं ते नसतं.

म्हणजे बघा. एकाच शहरात साध्या बाईचं जगणं तीन जागी पडून आहे. बाजीराव रस्त्याजवळ तिच्या वस्तू, पण नाव नाही. ओव्यांच्या संग्रहात आवाज आणि नाव, पण ती ज्यापाशी बसून गायली ते जातं नाही. दफ्तरात तिच्याआधीच्या बायकांचं नाव आणि किंमत, पण आवाज नाही, वस्तू नाही. वस्तू पुरातत्त्ववाल्यांची, ओवी लोकसाहित्यवाल्यांची, मोडी इतिहासवाल्यांची. पुराव्याचा तुटवडा आहे असं नेहमी सांगितलं जातं. मला तरी तुटवडा दिसत नाही, वाटण्या झालेल्या दिसतात.

जोडून दाखवलं तर काय होतं

हे तुकडे जोडता येतात, याचं एक उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. ऑर्चर्ड स्ट्रीटवर ९७ क्रमांकाची भाड्याच्या खोल्यांची एक इमारत आहे, आपल्या गिरणगावातल्या चाळीची आठवण यावी अशी. १८६३ साली बांधलेली. १९३५ मध्ये मालकाने भाडेकरू काढले, तोवर तिथे सुमारे सात हजार माणसं राहून गेली, बहुतेक सगळी परदेशातून आलेली. १९८८ मध्ये तिथे टेनेमेंट म्युझियम सुरू झालं.

तिथली एक खोली नाताली गुम्पर्ट्झ या बाईची आहे. प्रशियातून आलेली. १८७४ च्या ऑक्टोबरात तिचा नवरा युलियस कामावर म्हणून गेला तो परत आलाच नाही. पदरात मुलं. तिने कपडे शिवून घर चालवलं. ही कुणी पुढारी नव्हती, लेखिका नव्हती. मग ती सापडली कशी? १८८३ मध्ये नवऱ्याच्या वडिलांकडून सहाशे डॉलरचा वारसा निघाला. तो मिळायचा तर नवरा मेल्याचं कोर्टाने ठरवायला हवं होतं. तिने अर्ज केला, घरमालकाने साक्ष दिली. तो कागद राहिला. संग्रहालयाने तो कागद, जनगणनेच्या नोंदी आणि ती खोली एकत्र आणली, त्या काळच्या वस्तूंनी खोली सजवली, आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट उभी राहिली.

त्यांच्याकडे कागद होता, वस्तू बाहेरून आणाव्या लागल्या. आपल्याकडे वस्तू ओळीने उभ्या आहेत, ओवी आणि कागद त्यांच्याशेजारी आणायचे आहेत.

पुण्यापुरतं माझं म्हणणं फार मोठं नाही. नवी इमारत नको, पडद्यावर हलणारी आजी तर नकोच नको. एका जात्याशेजारी कानाला लावायचं यंत्र ठेवावं आणि त्यात घरघरीसकट ओवी वाजावी, गाणारीचं नाव-गाव आधी सांगून, आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेऊन. त्याच भिंतीवर मोडीतली एखादी नोंद, शेजारी देवनागरीत. वज्रीशेजारी विटेचा तुकडा ठेवावा आणि दोन्हींवर सारखाच प्रकाश पाडावा. आत ठेवलेल्या हजारो वस्तूंमधून कोरलेली भांडी शोधावीत. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची चाल आहे, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. लग्नातल्या तांब्यावर ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून’ असं असतं. बाईचं नाव धातूवर उमटण्याचे प्रसंग तिच्या आयुष्यात फार थोडे, आणि ती अक्षरं वाचायला भिंगसुद्धा लागत नाही, भांडं उलटं करावं लागतं.

जातीचा उल्लेख कार्डावर करायचा का, यावर मी अजून स्वतःशीच भांडते आहे. ‘ग्रामीण स्त्री’ असं लिहिलं की सगळं गोड आणि सपाट होतं. पाणवठा कुणाला बंद होता ते त्यात बुडून जातं. आणि जात लिहिली तर ज्या घराने विश्वासाने वस्तू दिली त्याला गावात तोंड द्यावं लागतं. ओवीच्या संग्रहाला गाणारीनेच आपली ओळख सांगितलेली असते, तिथे हा पेच सुटतो. वस्तू बोलत नाही, तिथे अडतो.

आमच्या दोन खोल्यांत आम्ही फॉर्म बदलला. ‘देणाऱ्याचं नाव’ याच्या वर एक रकाना आला: ‘कोण वापरायचं?’ पहिल्या आठवड्यात बहुतेकांनी ‘आई’ आणि ‘आजी’ एवढंच लिहिलं. नाव विचारलं तर दोघांना आजीचं नाव आठवेना. एकाने तिथूनच बहिणीला फोन लावला.

मावशींना मी जात्यावर ओवी म्हणाल का असं विचारलं. त्या खाली बसल्या, एक पाय लांब केला, एक मुडपला, खुंट्याला हात घातला आणि थांबल्या.

“दाणे?”

दाणे नव्हते. संग्रहालयात धान्य आणायचं नाही, उंदीर-किडे लागतात, हा आमचाच नियम, दारावर लावलेला.

“रिकामं जातं फिरवू नये, ताई.”

शिपायाला पाठवून कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर ज्वारी आणली. मावशींनी मूठभर घास घातला, वरचा दगड एकदा हलवून बघितला, दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावायला झालंय म्हणाल्या, आणि दळायला लागल्या. आवाज आधी पुटपुटल्यासारखा आला, मग दगडाच्या फेऱ्याबरोबर मोकळा झाला. मुलं मोबाइल काढून उभी होती. दोन ओव्यांनंतर त्या मध्येच थांबल्या, तिसरी पुरती आठवेना. मग तिसरीच्या जागी त्यांनी आपल्या आईचं नाव घेतलं आणि गावाचं.

पीठ निघालं ते जाडंभरडं, बारीक कच असलेलं. त्याचं काय करायचं यावर आम्ही शिकलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिलो. मावशींनी ते पदरात भरून घेतलं. “कोंबड्यांना होईल,” म्हणाल्या, आणि दगडाभोवती सांडलेलं झाडून घ्यायला झाडू आणायला गेल्या.